मॉनिटरची पिन

काल वीज गेली, घरातला यूपीएस पीं पीं करू लागला आणि मी थेट सांगलीला मी शिकवत असे त्या कॉलेजच्या लॅबमध्ये पोचले. नव्वदच्या दशकातला एप्रिल होता. दुपारी प्रॅक्टिकल परीक्षा होती आणि युनिक्सच्या एकुलत्या एका मशीनवर मी छपाईचा नवा प्रोग्राम घालत होते. मुळात दुसऱ्या सिस्टिमसाठी लिहिलेला, आमच्या मशीनसाठी जुळवून घेतलेला. सीडीवरचा त्याचा कोड मशीन स्वतःच कंपाइल करून, म्हणजे चालवता येईल असा बांधून काढायचं आणि त्यात तास न् तास जायचे. डिस्कवर जागा नव्हती, म्हणून जुना प्रोग्राम मी आधीच उडवला होता.

अशात वीज गेली आणि मशीन यूपीएसच्या बॅटरीवर आलं. मशीनच्या उघड्या डब्यावर वारा घालणारा टेबलफॅन थांबला आणि तापलेल्या धुळीचा वास नाकात शिरला.

"मॅडम, बॅटरी लय टिकायची न्हाई," माने मामा म्हणाले. फौजेतून परतून ते आमची लॅब सांभाळत.

"मॉनिटरची पिन काढा, मामा. तोच जास्त खातो."

"मग आत काम चाललंय का न्हाई, कळायचं कसं?"

मी डब्याला कान लावला. डिस्क कुरकुरत होती. मामाही वाकले. बराच वेळ आम्ही दोघं श्वास रोखून ऐकत राहिलो.

मग कुरकुर थांबली. काम पुरं झालं होतं, की अर्ध्यात अडलं होतं?

"पिन लावू?"

"थांबा जरा," मी म्हणाले.

प्रोग्राम नीट बसला होता. पण काय झालंय ते बघायच्या भीतीनं म्हटलेल्या त्या 'थांबा'ची मला पुढे कितीतरी दिवस लाज वाटायची.

काल मी सहज वाकून संगणकाला कान लावला. मशीन चालू होतं, पण आताच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं. आत काहीच ऐकू आलं नाही.