गवरीचे हात

काश्मीरमधल्या त्या पोस्टवर आमची कंपनी चौदा महिने होती. माझा बडी, म्हणजे जोडीचा जवान, लान्स नायक जनार्दन, गव्हाणचा. मी सांगलीकडचा. त्याच्या बोलण्याला मी हसायचो आणि माझ्या बोलण्याला तो. भाद्रपद आला की त्याचं एकच सुरू व्हायचं. म्हणायचा, "आमचे डोंगरान आता गवरीचं हात फुललं आसतील."

बायकोला तो 'घरची' म्हणायचा, नाव कधी घ्यायचा नाही. गौरी हे तिचंच नाव, चुकून तोंडातून निसटतं, असा मी हिशेब बांधला. राबून बिचारीचे हात सुजत असतील, एवढी अक्कलही मी वर चालवली. विचारलं मात्र नाही. दुसऱ्याच्या बायकोची थट्टा फौजेत जपून करतात.

एका सकाळी ०५४० ला आमचं पेट्रोल गस्तीला निघालं. नाल्यात फायर आलं. जनार्दनला पोटात गोळी लागली. मी रेडिओवर सांगितलं, "वन कॅज्युअल्टी. इव्हॅक्युएशन पाठवा."

"वेट. आउट." थांबा, एवढंच उत्तर आलं.

मी फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं होतं. तो म्हणाला, "गवरीचं हात बघाचं रायलं रं." ०७१० ला तो गेला. मी त्याला भावासारखा जीव लावला होता.

त्याच्या घरी मी वेगळं पत्र लिहिलं. 'हात बघायचे' हे कागदावर विचित्र दिसेल म्हणून सुधारून लिहिलं: शेवटपर्यंत त्याच्या तोंडी गौरीचंच नाव होतं. उत्तर आलं नाही.

रिटायर झाल्यावर मुलाने करंजाडेला फ्लॅट घेतला, म्हणून मी इकडे, जनार्दनच्या मुलखात आलो. मागच्या भाद्रपदात सोसायटीच्या मंडळींबरोबर प्रबळगडाकडे चढत होतो. वाटेत एक वेल दिसला. पानांच्या टोकांनी कारवीला धरलेलं, फुलाच्या लाल-पिवळ्या पाकळ्या बोटांसारख्या वर वळलेल्या. कुणी मोबाईल धरून लॅटिन नाव काढलं. रानभाजी खुडणाऱ्या एका बाईला मी विचारलं.

ती म्हणाली, "गवरीचं हात. आमी गवरीला वाहताव. कंद खाव नका, इख हाय."

मी तिथेच खाली बसलो. सोबतच्यांना वाटलं, दम लागला.

दुसऱ्या दिवशी गव्हाणला गेलो. जनार्दनच्या बायकोचं नाव हिराबाई. मी मोबाईलवर फुलाचा फोटो दाखवला, पत्रातली माझी चूक सांगितली आणि हात जोडले. तिने मोबाईल हातात घेऊन ते फूल डोळ्यांजवळ नेलं.

"बावीस वरसां मी घरान गवर आनली नाय," ती म्हणाली. "ती कोन, ता कुनाला इचारू?"

तिने मला चहा दिला. मग भिंतीवरच्या युनिफॉर्ममधल्या फोटोपाशी जाऊन पदराने काच पुसली.

"बावीस वरसां माझ्या शिव्या खाल्ल्यास," ती त्याला म्हणाली. "आन गप रायलास."