स्पीकरवरचं पावणं

कसबा बावड्यातला तो माणूस घरातल्या कॉम्प्युटरवर गाणी मिक्स करायचा. नव्या गाण्याला हात लावण्याआधी तो एक झकास वाजणारं, तयार गाणं लावायचा. त्याला तो 'पावणं' म्हणायचा. "आधी पावण्याला बसवू, मग घरच्यांचं बघू," म्हणत दोन्हींचा आवाज सारखा करायचा. "मोठ्यानं वाजतंय ते चांगलंच वाटतंय की! त्यात फसायचं न्हाय." मग स्पीकरकडं पाठ करून, भिंतीकडं बघत दोन्ही आलटूनपालटून ऐकायचा. आमच्या गायन पार्टीच्या कामासाठी मी नेहमी जायचो, पण त्या पाठीची मला भीतीच वाटायची. पावण्यापुढं आमचं गाणं डब्यातनं आल्यासारखं वाटे.

आईच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज कायमचा गेला. आदल्या दिवशी मी तिचं एक भीमगीत टेप करून घेतलं होतं. ती कॅसेट घेऊन मी त्याच्याकडं गेलो. पावण्याच्या नादानं हा तिला घासूनपुसून दुसरीच कुणी बाई करून ठेवील, अशी धास्ती होती.

त्यानं पावण्याची सीडी काढून डबीत ठेवली. "हितं ह्येचं काम न्हाय. आज पावणं तुमीच." आईचं गाणं लावून तो पहिल्यांदाच माझ्याकडं तोंड करून बसला. "सांगा, आई घरात गायच्या तवा आवाज असाच यायचा न्हवं?"

मी डोळे मिटले. ऑपरेशनला जेमतेम महिना झाला होता, आणि कॅसेटमधला सोडून आईचा दुसरा आवाजच मला आठवेना.