खरी जन्मतारीख

आमच्या केम गावच्या सिद्धनाथनं आईच्या, केराबाईच्या, आवाजातल्या धनगरी ओव्या घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. एक दिवस कॉम्प्युटर अडून बसला. कंपनीकडं ऑनलाइन खातं काढल्याशिवाय पुढं जाऊच देईना. खात्याला जन्मतारीख हवी होती. केराबाई म्हणाली, "तू चंपाषष्ठीचा." सिद्धनाथनं जुन्या पंचांगातून तारीख शोधून इमानदारीत भरली. तिथंच चुकलं बिचाऱ्याचं.

मग कुणी न विचारता ओव्या क्लाउडवर, म्हणजे कंपनीच्या ताब्यात, गेल्या. घरच्या डबड्यात नुसती फायलींची नावं उरली. पुढं केराबाई वारली, आणि कंपनीनं कसल्याशा संशयावरून खातं बंद केलं. म्हणे, ओळख पटवा. ह्यानं आधार कार्ड पाठवलं. त्यावर एक जून! शाळेत गुरुजींनी अख्ख्या वर्गाला तीच तारीख चिकटवली होती. कंपनीचं उत्तर आलं, जन्मतारीख जुळत नाही.

घर ह्याचं, कॉम्प्युटर ह्याचा, आई ह्याची; आणि चोर ठरला हाच.

मी चिडून म्हणालो, "अरे, खरी तारीख सांगणारं कुणीतरी साक्षीला आण की!"

सिद्धनाथ स्क्रीनकडं बघत म्हणाला, "एकच व्हती. तिलाच तर त्येंनी आत कोंडलंया."