डोळे लावून बसलेली बाई

ती डोळे लावून बसायची आणि त्याचा तिला पगार मिळायचा. हसू नका, बाहुल्यांच्या कारखान्यात तिचं कामच ते होतं. सुतारकाका लाकडाची डोकी घडवायचे, घासून गुळगुळीत करायचे. रंगकाम करणाऱ्या बायका त्यांना गोरा-सावळा वर्ण द्यायच्या, गाल-ओठ काढायच्या. केसवाली वर लोकरीचे केस चिकटवायची. आणि सगळ्यात शेवटी बाहुली हिच्या टेबलावर यायची. तोवर ते सगळं नुसतं नटवलेलं लाकूड. हिने ब्रशने दोन डोळे लावले की मग ती बाहुली कोणीतरी व्हायची, आणि मग तिला पेटीत घालायचं.

कारखान्यात सगळे तिला डोळेबाई म्हणत. नवीन आलेलं माणूस तिथे पहिले काही दिवस गोंधळायचं, कारण तिथली बोलीच तशी. 'या पेटीला नजर लागली का?' असं कोणी विचारलं तर मीठ-मिरच्या शोधायच्या नाहीत, डोळे रंगवून झाले का एवढाच त्याचा अर्थ. 'हिचे डोळे पुसा' म्हणजे बाहुली रडत नव्हती. डोळे तिरके आले होते, ते टर्पेंटाइनच्या फडक्याने काढून पुन्हा करायचे होते. डोळेबाई हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने बोलायची, वर दातांत एक ब्रश धरलेला, त्यामुळे समोरच्याला ती कायम रागावलेली वाटायची. रागीट ती होतीच थोडी, पण वाटायची तेवढी नाही.

लोकांना वाटायचं, हिच्या हातात काही जादू आहे. जादू कसली डोंबलाची. सवयी होत्या, आणि त्याही इतक्या साध्या की सांगितल्या तर ऐकणाऱ्याचा हिरमोड व्हायचा. कामाला येताना ती रोज एक चेहरा घेऊन यायची. म्हणजे रस्त्यात दिसलेला, कोणाचाही. दुकानाचं शटर उघडणारा माणूस, बससाठी धावणारी नर्स, शाळेला उशीर झालेलं एखादं कार्टं. एकच निवडायचा, नीट बघून घ्यायचा आणि कोणाशी न बोलता टेबलापर्यंत आणायचा. वाटेत गप्पा मारल्या की सांडतो म्हणे. म्हणून सकाळी फाटकात केसवालीने हाक मारली तरी ही नुसती मान हलवून पुढे जायची, आणि केसवाली बाकीच्यांना सांगायची, "आत्ता नका बोलू तिच्याशी, काठोकाठ भरलीय ती."

टेबलावर बसल्यावर पहिलं डोकं वाया घालवण्याचं. त्यावर वाट्टेल तसे डोळे काढायचे, चुकायचं तेवढं चुकून घ्यायचं, पुसायचं आणि मगच खऱ्या कामाला हात घालायचा. जेवण झालं की मागच्या अंगणात जाऊन लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघत उभं राहायचं, कारण जवळचं बघून बघून नजर आखडते. आणि संध्याकाळी भोंगा वाजला की शेवटच्या बाहुलीचा एकच डोळा काढून उठायचं. दुसरा उद्या. मालक सुरुवातीला वैतागले होते. "अहो बाई, एका डोळ्यासाठी काय अडलंय? काढून टाका की," ते म्हणाले. "उद्या सकाळी मला बोलवायला कोणीतरी नको का?" असं म्हणून ती पदर खोचून चालू पडली होती. त्यानंतर मालकांनी तो विषय काढला नाही. एकडोळी बाहुली टेबलावर बसलेली असली की सकाळी आळस करायची सोय उरायची नाही, हे त्यांनाही दिसत होतं.

तिची लेक याच टेबलाशी लहानाची मोठी झाली. नवरा लवकर गेला, पोरीला घरी ठेवायचं कोणापाशी, म्हणून शाळा सुटली की ती कारखान्याच्या मोठ्या दारातून दप्तर फरफटत यायची आणि आईच्या बाजूला बसून बिघडलेल्या डोक्यांवर रंग फासायची. हात आईचाच आला, पण आईपेक्षा धीट. मोठी झाल्यावर तिला नुसत्या डोळ्यांवर थांबायचं नव्हतं. पुढे नाक, पुढे माणूस, त्याच्या मागे झाड, झाडावर अजून काही, असं सगळं काढायचं होतं. लहान मुलांची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात तिला चित्रं काढायचं काम मिळालं, तेही लांबच्या शहरात. गाडीने रात्र जाते आणि वर अर्धा दिवस. "वर्षभर शिकते आणि येते परत," असं सांगून ती गेली. हिने डबा बांधून दिला, आपले चांगल्यातले ब्रश दिले, स्टेशनवर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. घरी येऊन मात्र दाराला कडी न लावताच झोपली, लेक उशिरा येते म्हणून. सकाळी दार तसंच लोटलेलं बघून तिच्या लक्षात आलं.

एका वर्षाची दोन झाली, तिसरं लागलं. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत मालकांच्या खोलीतला फोन वाजायचा आणि तिकडून लेक बोलायची.

"आई, काही सुचतच नाही गं. कोरा कागद पुढ्यात घेऊन नुसती पेन्सिलींना टोक काढत बसते."

"पहिला कागद वाया घालवायचा आहे असं समज. बिघडव मुद्दाम. चेहरा आणलास का आज?"

"इथे सगळे मान खाली घालून चालतात. चेहरे दिसतच नाहीत."

"मग चपला बघ. पण रिकाम्या हाताने कामावर जाऊ नकोस. आणि काल संध्याकाळी काही अर्धवट ठेवलंस का?"

"विसरले."

"मग सुचेल कुठून? सगळं ताट चाटूनपुसून ठेवतेस, आणि सकाळी भूक नाही म्हणतेस."

लेक हसायची. तिचं हसणं ऐकलं की हिच्या ओठांवर 'कधी येतेस' हा प्रश्न यायचा, आणि दर शनिवारी ती तो गिळायची. पोरीच्या पायात अडकायला नको. "इकडची काळजी करू नकोस. सावकाश ये, घाई नाही," असं ती म्हणायची आणि फोन ठेवायची. लेकही भोळी, तिला ते खरंच वाटायचं. इकडे ही बाई फोन ठेवून पुढच्या शनिवारची वाट बघायला लागायची. तिला पोरीची आठवण यायची, फार यायची, दुखेल इतकी यायची, आणि ती कोणाला सांगायची नाही.

आता यातली मेख ऐका. लेकीला सवयी पढवणाऱ्या या बाईची स्वतःची पहिली सवय केव्हाच मोडली होती. रस्त्याने ती रोज येत होती, माणसं दिसत होती, पण टेबलाशी पोचेपर्यंत मनात एकच चेहरा उरायचा. लेकीचा. रोज तोच. बाकीचं सगळं ठरल्याप्रमाणे, पहिलं डोकं वाया, दुपारी पाण्याची टाकी, संध्याकाळी एक डोळा बाकी. त्यामुळे काही बिघडलंय हे तिला कळलंच नाही. उलट तिला बरं वाटायचं. दिवसभर पोर समोर असल्यासारखी वाटायची, आणि कामही भराभर व्हायचं.

मग एक दिवस एक दुकानदार बाहुल्यांचं खोकं घेऊन स्वतःच आला. तसा सज्जन माणूस, ओशाळलेला दिसत होता.

"वाईट नाहीत हो," तो मालकांना म्हणाला. "चांगल्या देखण्या आहेत. पण गिऱ्हाईक हातात घेतं आणि परत ठेवतं. बाहुली त्याच्याकडे बघतच नाही. मागून कोणी आलंय का म्हणून गिऱ्हाईकच वळून बघतं."

सगळ्या बाहुल्या मोठ्या टेबलावर रांगेत मांडल्या. बघतात तर काय, एकूण एक बाहुलीची बुबुळं एकाच बाजूला सरकलेली. किंचितच, पण सगळ्यांची सारखी. "वरात कुठे निघालीय?" असं सुतारकाका म्हणाले आणि सगळा कारखाना हसला. डोळेबाईच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. इतक्या वर्षांत तिचं काम कधी परत आलं नव्हतं. केसवाली तिची बाजू घ्यायला पुढे झाली. म्हणाली, "उजेड नीट येत नसेल तिथे, थांबा, मी बसून बघते." ती डोळेबाईच्या स्टुलावर बसली, डोळेबाई धरते तशी एक बाहुली समोर धरली, आणि बाहुली बघत होती तिकडे तिने मान वळवली. तिकडे खिडकी नव्हती, दिवा नव्हता. कारखान्याचं मोठं दार होतं, लेक शाळेतून ज्यातून यायची ते.

केसवालीने बाहुली हळूच खाली ठेवली. "अगं बाई," ती म्हणाली, "तू खरोखरच डोळे लावून बसली होतीस की."

यावर मात्र कोणी हसलं नाही. सुतारकाका उगाच रंधा साफ करायला लागले. मालकांनी दुकानदाराला चहा पाजून वाटेला लावलं आणि डोळेबाईला एवढंच म्हणाले, "सगळ्यांचे डोळे पुसा, बाई. नव्याने लावू."

ती डोळे पुसायला बसली. फडकं ओलं करायचं, दोन बोटांनी फिरवायचं, की बाहुली पुन्हा आंधळी. बऱ्याच पुसून झाल्यावर तिला वाटलं, आता सरळ बघणारी लेक काढावी. दाराकडे नाही, माझ्याकडे बघणारी. तिने चेहरा आठवायला डोळे मिटले, आणि आला तो बाहुलीचा. लाकडाचा, तिनेच रंगवलेला. तिने पुन्हा प्रयत्न केला. पापणी कुठे वळत होती? डावी भुवई जरा वर होती की उजवी? घरी फोटो होता, पण ती पोर फोटो काढताना हसायची आणि हसली की डोळे मिटायची. एकच चेहरा रोज वापरून वापरून तिने तो झिजवून टाकला होता. फडकं तसंच हातात धरून ती किती तरी वेळ बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी ती जरा लवकर निघाली. हमरस्त्यावर एक म्हातारी नातवाच्या शर्टाची बटणं लावून देत होती आणि एकीकडे त्याला शिव्या घालत होती. डोळेबाई तिथे थांबली, म्हातारीला नीट बघून घेतलं आणि वाटेत कोणाशी न बोलता तो चेहरा टेबलापर्यंत आणला. त्या दिवशीच्या बाहुल्या समोरच्याकडे सरळ, थोड्या दटावून बघत होत्या. मालकांना पसंत पडल्या. केसवालीने पाठीवर थाप मारली. लेकीचा चेहरा नसताना काम इतक्या सहज जमलं, याचंच तिला वाईट वाटलं.

शनिवारी फोन वाजला.

"आई, मला पुस्तक दिलंय," लेक एका दमात बोलत होती. "अख्खं पुस्तक, सगळी चित्रं माझ्या एकटीची. पण मग कायमची नोकरी घ्यावी लागेल, इथेच. ते उत्तर मागतायत." मग तिचा आवाज बारीक झाला. "मी सांगितलंय, आईला विचारून सांगते. तू नुसतं हो म्हण, मी सगळं सोडून येते. खरंच येते. येऊ का परत?"

ज्या प्रश्नासाठी ती दोन वर्षांहून जास्त थांबली होती तो हा. मालक खोलीतच होते. ते कपाटात तोंड घालून काहीतरी शोधायला लागले. डोळेबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला. 'ये' म्हणायला कितीसा वेळ लागतो? जीभ तयारच होती.

"पुस्तक कशाचं आहे?" तिने विचारलं.

"एका मुलीचं. तिला रात्री झोप येत नसते. सगळी चित्रं अंधारातली आहेत, नुसते डोळे दिसतात. म्हणून तर मला दिलं. म्हणाले, तुला डोळे जमतात."

डोळेबाईने पदर खोचला.

"मग परत कशाला येतेस?" ती म्हणाली. "घे ते काम. सोडलंस तर बघ."

"तुला चालेल?"

"नाही चालणार. तरी घे."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "मग भेटायला येते मी. पुस्तक झालं की, सावकाश..."

"सावकाश नको." डोळेबाईचा आवाज चिरकला आणि मालक कपाटापासून वळले. "या आठवड्यात ये. एका दिवसासाठी ये, पण ये."

"आई? काय झालं? तब्येत बरी आहे ना तुझी?"

"मला काय धाड भरलीय? ठणठणीत आहे मी," ती म्हणाली. "अगं, तुझे डोळे कसे आहेत, तेच मला आठवेनासं झालंय."