डबल बेलची बाग

माझ्या मावशीला सगळी वसाहत ‘डबल बेल’ म्हणते. तोंडावर नाही, तेवढी छाती कुणाची नाही. एकतीस वर्षं ती बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त होताना तिने डेपोतून एक जुनी घंटा मागून आणली आणि बागेच्या फाटकाला टांगली. एक ठोका म्हणजे थांबा, आत यायचं नाही. दोन ठोके म्हणजे या. लहानथोर सगळे मुकाट ऐकतात.

बाग म्हणजे चार इमारतींच्या मधला तुकडा. काका गेले तेव्हा मावशी सहा महिने कुणाशी धड बोलली नव्हती. मग एका सकाळी उठून ती तिथला राडारोडा उपसायला लागली आणि तिने एक लिंबाचं रोप लावलं. पुढे पालिकेच्या निधीतून माती, नळ, कुंपण मिळालं. याला सात वर्षं झाली. यंदा पत्र आलं की पाहणी होईल, अहवाल बरा नसेल तर निधी बंद आणि जागेवर वाहनतळ. म्हणजे लिंबावर कुऱ्हाड. मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. ती घाबरली की दुसऱ्यांवर ओरडते, हा आमचा जुना अनुभव.

पत्रात ‘जागा सुस्थितीत असावी’ असं एक वाक्य होतं. मावशीने तेवढंच धरून ठेवलं. दोन दिवस आधी एक ठोका देऊन तिने बाग रिकामी केली. वाफ्यांभोवती सुतळी बांधली, बाकं पुसली, पडलेलं पानन्‌पान उचललं. तळमजल्यावरचे आजोबा नेहमीसारखे वर्तमानपत्र घेऊन आले.

"पाहणी होईपर्यंत घरात वाचा," मावशी म्हणाली. "पायाचा एक ठसा दिसता कामा नये."

"अगं, मी काय बैल आहे?"

"बैलाला निदान हाकता येतं."

आजोबा पुटपुटत परत गेले.

पाहणीच्या दिवशी पालिकेच्या अधिकारी बाई सकाळी अकराला आल्या. तरुण होत्या, कामाला चोख दिसत होत्या. त्यांनी वाफे पाहिले, नळ सोडून पाहिला, लिंबू पाहिलं. मावशी त्यांच्या एक पाऊल मागे. मग बाईंनी सगळीकडे नजर फिरवली.

"छान ठेवलंय, काकू. पण लोक कुठायत?"

"लोकांना नाही येऊ दिलं. घाण करतात ना."

"अहो, निधी लोकांसाठीच असतो. पाहणीच्या वेळी किती माणसं बाग वापरत होती, असा रकाना आहे इथे."

"रोज असतात हो! हवं तर माझ्या भाचीला विचारा."

"विचारून नाही लिहिता येत, दिसेल तेच लिहायचं. आणि शून्य लिहिलं की फाईल तिथेच बंद होते."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. खरं सांगते, मला मावशीचा संतापच आला. सात वर्षं जीव ओतून उभं केलेलं ती स्वतःच्याच शिस्तीपायी घालवायला निघाली होती. वर पाहिलं तर चारही इमारतींच्या खिडक्यांत माणसं उभी. सगळे जीव मुठीत धरून बघत होते आणि एकही जण खाली येत नव्हता, कारण शेवटचा ठोका एकच पडला होता.

मावशीनेही वर पाहिलं. गुडघ्यांमुळे जिना टाळणारी ही बाई फाटकाकडे चक्क धावली. तिने दोन ठोके दिले.

जिने धडधडले. बायका आल्या, पोरं आली, कुणी अर्धी दाढी करून आलं. सुतळी केव्हाच तुटली. आजोबा तोल जाऊन थेट कोथिंबिरीच्या वाफ्यात उभे राहिले आणि मावशीकडे बघून तिथेच थिजले.

"आता उभे आहात तर उभे राहा!" ती ओरडली.

बाईंनी दोनदा मोजलं. अडतीस. त्या आकड्यावर पुढे निधी चालू राहिला आणि लिंबूही राहिलं. पण फॉर्म मिटण्याआधी त्यांनी विचारलं, "काकू, तुम्हालाही बाग वापरणाऱ्यांत धरू ना?"

सात वर्षांत मावशीला त्या बागेत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. कायम कमरेवर हात ठेवून उभी. ती सावकाश लिंबाखालच्या बाकापर्यंत गेली, सवयीने त्यावरून हात फिरवला आणि बसली.

"धरा," ती म्हणाली, आणि सगळ्यांदेखत ओक्साबोक्शी रडायला लागली.