डोळे भरायचा चाकू

वडील गेल्यावर आम्हा दोघा भावांच्या वाटण्या झाल्या आणि घराच्या मधोमध मातीची भिंत उभी राहिली. थोरला भाऊ आणि वहिनी पलीकडे, मी आणि बायको अलीकडे. गाव तापीकाठचं, प्रकाशा गावापासून चालत जाण्यासारखं. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा तो काळ. भांडण असं झालं नव्हतं, पण बोलणंही उरलं नव्हतं. त्यांच्याकडे भांडं पडलं की आम्ही कान द्यायचो, आमच्याकडे पडलं की ते देत असणार.

त्या उन्हाळ्यात मी नवापूरकडच्या एका बागेत रानबोरीवर गोड बोरीचा डोळा भरताना पाहिला होता. डोळा म्हणजे फांदीवरचा कोंब. तो सालीसकट काढून दुसऱ्या झाडाच्या सालीखाली बसवायचा. तिथल्या माळ्याचा चाकू निराळा होता. पात्याला एकाच अंगाने धार आणि मागच्या टोकाला साल उचलायची बोथट जीभ. तसला चाकू नंदुरबारच्या बाजारात मिळाला नाही. मिळाला तो दोन पात्यांचा, शिंगाच्या मुठीचा, साधा खिशातला. म्हटलं, घरीच करू.

कुणाला सांगितलं नाही, कारण रानबोरी होत्या बांधावर. बांधाच्या माझ्या अंगाला होत्या खऱ्या, पण त्यांना गोड फळ येणार असं कळलं की भाऊ बांधच मोजायला काढील, असं मला वाटत होतं. म्हणून दुपारी दार लोटून बसायचो. बाभळीच्या दोन फळ्यांत चाकू धरायचा, फळ्या पायांनी दाबायच्या. मोठं पातं धारेच्या ओल्या दगडावर एकाच अंगाने घासायला घेतलं. लहान पात्याची मला जीभ करायची होती, पण त्यावर कानस नुसती घसरायची. आवाज मात्र असा, की दात शिवशिवावेत.

मी थांबलो की पलीकडेही एकदम शांत व्हायचं. बायको हळूच म्हणाली, "त्या भिंतले कान लाईसन बठेल शेतस."

दुसऱ्या दिवशी वहिनी दारात. "थोडं इरजन दे वं." त्यांच्या गोठ्यात दुभती म्हैस होती, घरात विरजण नसणं शक्यच नव्हतं. बायकोने कानशीवर सूप पालथं घातलं, पण वहिनीची नजर आधीच तिथे गेली होती. विरजण घेऊन गेली आणि पुन्हा आली, म्हणे वाटी बदलून दे.

लहान पातं मऊ करायचं तर तापवून राखेत निवू द्यायला हवं होतं. मुठीला ओलं फडकं गुंडाळून मी पातं चुलीच्या निखाऱ्यात ठेवलं. फडकं वाळलं आणि शिंग जळलं. जळक्या शिंगाचा वास घरभर झाला, भिंतीपलीकडेही गेला. नेमकी अवस, म्हणजे अमावस्या होती. थोड्या वेळाने भाऊ दारात उभा, हातात काठी.

"काय जाळी ऱ्हायना रे घरमा?"

"काही नही, भाऊ. चाकूनी मूठ जळी गई."

"चाकू? कसाले?"

"मन्हं काम शे."

"लपाडीसन करानं असं कोनतं काम शे?"

तो उंबऱ्याच्या आत न येता चुलीकडे, कोपऱ्याकडे, बायकोच्या हाताकडे बघत राहिला आणि गेला. त्यानंतर त्याच्या दाराशी कुऱ्हाड दिसू लागली. बायकोला धसका बसला. ती म्हणायला लागली की शेतात एकट्याने जाऊ नका. मला हसू आलं नाही. मीही मागे वळून बघत जाऊ लागलो.

मऊ पडलेलं लहान पातं मग कानशीने सहज गोल झालं. आषाढात, उन्हाळ्यात छाटून ठेवलेल्या बोरींना नवे फुटवे आले तेव्हा, नवापूरकडच्या बागेतून गोड बोरीच्या फांद्या आणून मी डोळे भरले आणि केळीच्या सोपटाच्या दोऱ्यांनी घट्ट बांधले. पुढच्या खेपेला गेलो तर काही दोऱ्या सुटलेल्या. वाऱ्याने सुटाव्यात अशा त्या बांधलेल्या नव्हत्या.

सकाळीच जाऊन मी बांधाआड बसलो. भाऊ आला. इकडेतिकडे बघून त्याने एक दोरी सोडली, नाकाशी नेली, सालीत नख घालून आत बघितलं. मी उठलो.

"काय धुंडी ऱ्हायना, भाऊ?"

तो दचकला, पण हटला नाही. सालीच्या आत बोट दाखवून म्हणाला, "यान्हा मजार काय बांधेल शे? सुई शे का लिंबू?"

"डोया शे."

त्याचा चेहराच उतरला. "डोया? कोना डोया?"

"बोरना!" मी ओरडलोच. मग खिशातून चाकू काढला तसा तो दोन पावलं मागे सरला. मी खाली बसलो, त्याच्यासमोर साल चिरली, जिभेने उचलली, त्यानेच उघडा पाडलेला कोंब आत सरकवला, दोरी बांधली. त्याने सगळं वाकून पाहिलं. "इतलंच?" म्हणाला, आणि सोडलेल्या दोऱ्या माझ्या पुढ्यात टाकून निघून गेला. करणीचा संशय गेला असावा. बांधाचा आला असावा, कारण त्याच आठवड्यात त्याने बांधावर दगड रोवले. बोरी माझ्याच अंगाला राहिल्या, एवढं खरं.

त्याने उघडलेले डोळे वाळले. बाकीच्यांपैकी दोन लागले. पुढच्या वर्षी हिवाळ्यात त्यांना सुपारीहून मोठी बोरं आली. मी टोपलीभर घेऊन त्याच्या ओसरीवर गेलो. वहिनी दाराआड. भावाने एक बोर उचललं, फिरवून पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं.

"पहिले तू खा."

मी खाल्लं. मी आठळी थुंकेपर्यंत तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने खाल्लं, आणखी एक घेतलं, आणि घरात हात दाखवून वहिनीला म्हणाला, "टोपली मजार ली जा."