कुंदाच्या पिस्तुलाचा खटला

कुंदा जोगळेकर जर्मनीत पिस्तुलं घडवते, हे तिच्या सासूबाईंनी नाशिकला कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलंच कुणी तर म्हणत, "मशिनचं काहीतरी बघते." कुंदाला त्याचं हसू येई. इचलकरंजीला वडिलांच्या लेथशेजारी वाढलेली ती. एर्लांगेनजवळ म्हाताऱ्या क्रेमरच्या छोट्या कारखान्यात नेमबाजीची पिस्तुलं आखताना तिला माहेरी आल्यासारखंच वाटायचं. नवरा श्रीनाथ विद्यापीठात संशोधन करी आणि घरी स्वयंपाक, दोन्ही सारख्याच सावकाशीनं.

२००५ साली तिनं स्वतः आखलेलं पहिलं पिस्तूल तयार झालं. मनगटात जोर न उरलेल्या वयस्क नेमबाजांसाठी, हलकं आणि आटोपशीर. पण तिथंच माशी शिंकली. नेमबाजांना तीन इंचांहून आखूड नळीचं पिस्तूल विकायला कायद्यानं मनाई होती. कुंदानं नळीचा मागचा भाग सांगाड्याच्या आत दडवलेला. परवाना देणाऱ्या खात्यानं बाहेर दिसते तेवढीच नळी धरली आणि विक्रीला नकार दिला. क्रेमर खवळला आणि थेट कोर्टात गेला. नवं पिस्तूल विकलं गेलं नाही तर कारखान्याला टाळं लागणार होतं, हे कुंदाला ठाऊक होतं. श्रीनाथनं आमटीत मीठ दोनदा घातलं तरी तिला कळलं नाही.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दसरा होता. कुंदानं कारखान्यात पूजा मांडली. क्रेमरनं हौसेनं बायकोच्या कुंड्यांतले झेंडू तोडून आणले. लेथला, व्हर्नियरला आणि कोर्टासाठी पुसूनपासून ठेवलेल्या पिस्तुलालाही कुंदानं सढळ हातानं हळदकुंकू वाहिलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टात खात्याच्या अधिकाऱ्यानं, हेर म्हणजे श्रीयुत फोग्टनं, पेटी उघडली आणि तो थबकला. सांध्यांत लाल-पिवळी पूड बसली होती. नमुन्याशी छेडछाड झालीय, असं तो म्हणाला. आपण सकाळी ते पुसलंच नाही, हे कुंदाच्या आत्ता लक्षात आलं. क्रेमरचे कान लाल झाले.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "फ्राऊ जोगळेकर, हा कसला पदार्थ?"

"हळद आणि कुंकू. काल आमचा सण होता. त्या दिवशी आम्ही अवजारांची पूजा करतो."

"म्हणजे तुम्ही पिस्तुलाची प्रार्थना केलीत?"

"एकट्या पिस्तुलाची नाही. लेथची केली, माझ्या कॉम्प्युटरची केली. हेर क्रेमरच्या कॉफीच्या मशिनचीही."

"कॉफीच्या मशिनची कशासाठी?"

"ते बंद पडलं की कारखाना बंद पडतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," क्रेमर पुटपुटला.

बाईंनी ओठ घट्ट मिटले, पण डोळे हसलेच. फोग्ट मात्र हटेना. पूड आत कुठवर गेली, काही कानस मारलीय का, ते सर्वांसमक्ष तपासलं पाहिजे, असा त्याचा हट्ट. "मग तुम्हीच उघडा," बाई म्हणाल्या.

त्यानं पिस्तूल सुटं केलं. आतून नळी ओढून काढली, पांढऱ्या फडक्यानं मागच्या टोकापासून पुढपर्यंत नीट पुसली, प्रकाशात धरली आणि टेबलावर ठेवली. कुठंही कानशीचा ओरखडा नव्हता. आतापर्यंतचं भांडण आराखड्यांवर आणि पत्रांवरच चाललेलं. अख्खी नळी अशी सगळ्यांच्या डोळ्यांपुढं कधी आलीच नव्हती.

बाई पुढं झुकल्या. "हेर फोग्ट, आत्ता तुम्ही जे पुसलंत, त्याला तुम्ही काय म्हणता?"

"नळी."

"सगळ्याला?"

फोग्टनं नळीवरून एकदा बोट फिरवलं. "हो," तो म्हणाला. "सगळ्याला."

"मग सगळी मोजा."

त्यानं मोजली. आवाज जरा उतरला, पण आकडा त्यानं प्रामाणिकपणे सांगितला. तीन इंचांच्या वर, चांगली ऐसपैस. पुढं वकील बोलत राहिले, पण कुंदाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. जेवणाच्या सुट्टीआधीच बाईंनी खात्याचा नकार रद्द केला.

बाहेरच्या पायऱ्यांवर क्रेमरनं तिचा हात इतका हलवला की बांगड्या वाजल्या.

"आता डावखुऱ्यांसाठी एक. कधी सुरू करता?"

"दिवाळी झाल्यावर."

"ती किती दिवसांची असते?"

"चार-पाच," कुंदा म्हणाली. तिला एकाएकी कडकडून भूक लागली होती. "पण फराळाची तयारी फार आधीपासून करावी लागते, हेर क्रेमर."